तिघांचं खरं

समिधा नदीवर परत गेली तेव्हा शिमगा आठवड्यावर आला होता. कळंबच्या वरच्या अंगाला वालाची काढणी उरकली होती, शेतं उघडी पडली होती, आणि वांजळीची नदी नुसत्या दगडगोट्यांची झाली होती. रांजणकोंडसुद्धा आटली होती. पावसाळ्यात जिथं पोहणाऱ्याला तळ सापडत नाही, तिथं चिखलाची खपली धरली होती आणि ती उन्हानं तडकली होती.

कोंडीच्या वर काठावर राजेशचं रिसॉर्ट. त्यानं तिला पडवीत बसवलं आणि चहा स्वतःच्या हातानं आणून दिला.

"तुझ्या भावाचं काम तू पुढं नेतेस, बरं वाटलं गं," तो म्हणाला. "गावात कोण काय बोलतं ते मनावर घेऊ नको. डबा बिघडला, त्यात साईराजचा काय दोष?"

समिधानं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि बशी कपावर पालथी घातली. "मनावर घेतलं नाही, राजेशदादा," ती म्हणाली.

या नदीला लोंढा येतो तो न सांगता. पाऊस पडतो वर भीमाशंकरच्या डोंगरात. खाली ऊन असतं आणि माणसं कोंडीत डुंबत असतात. म्हणून कोंडीच्या वरच्या घळीत, हाकेच्या अंतरात, चार डबे खडकाला ठोकले होते. पाण्याची उंची मोजायची आणि एकमेकांना सांगायची, एवढंच त्यांचं काम. चौघांचे मालक वेगवेगळे, कारण कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. एक रिसॉर्टचा, एक ग्रामपंचायतीचा, एक नळयोजनेचा आणि एक वरच्या वाडीचा, जो साईराज सांभाळायचा. एखादा डबा बिघडेल, एखाद्याला कोणी मुद्दाम खोटं बोलायला लावेल, हे धरूनच सगळी रचना केली होती. तिघं एक बोलले की ते खरं. चौथा वेगळं बोलला की तो खोटा, आणि त्याचं ऐकणं बाकीच्यांनी बंद करायचं. भोंगा वाजायचा तो तिघांच्या शब्दावर.

ऐरोलीच्या एका कंपनीत समिधा हेच काम करायची. एकमेकांवर विश्वास नसलेल्या यंत्रांना एकाच गोष्टीवर आणायचं. नवीन मुलांना शिकवताना ती म्हणायची, "चारांत एक फितूर असेल तर निभावतं. त्याहून जास्त फितूर झाले तर मात्र खरं बोलणाराच फितूर ठरतो." हे वाक्य तिनं कितीदा तरी सहज म्हटलं होतं.

दोन वर्षांमागच्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी, तेच झालं. साईराजच्या डब्यानं पाणी चढतंय असं सांगितलं. बाकीचे तिघं म्हणाले, पाणी आहे तिथंच आहे. साईराजचा डबा खोटा ठरून गप्प झाला आणि भोंगा वाजलाच नाही. साईराज तेव्हा घळीत होता. डोळ्यांनी लोंढा पाहिला तसा तो खडकांवरून धावत खाली आला आणि ओरडत सुटला. रिसॉर्टच्या माणसांनी पाहुण्यांना सांगितलं, त्याचं मशीन बंद पडलंय, तो उगाच घाबरवतो. निम्मे लोक बाहेर आले. उरलेल्यांना ओढायला साईराज पाण्यात उतरला. तो आणि मुंबईचं एक जोडपं पुलाच्या खांबाला सापडले. साईराजचा डबा लोंढ्यानं खडकासकट नेला, तो कधीच मिळाला नाही. पुढं चौकशीत लिहिलं गेलं, की वाडीच्या यंत्राची देखभाल नीट झाली नव्हती. तेव्हापासून तिची आई, बायजा, हळदीकुंकवाला कुणाकडे गेली नाही.

आता पावसाळ्याआधी डबे पुन्हा चालू करायचे होते. तालुक्याला माणूस हवा होता. समिधानं रजा काढली आणि फुकट काम करते म्हणून सांगितलं. भोंगा सुरू होणं न होणं तिच्या लेखी दुय्यम होतं. तिला राजेश हवा होता.

कारण तिला ठाऊक झालं होतं. तिन्ही डब्यांची त्या दिवसाची मापं तिनं मागवून पाहिली होती. वाहतं पाणी कधी स्थिर नसतं, ते थरथरतं, आणि प्रत्येक जागी वेगळं थरथरतं. हे तीन डबे मात्र एकसारखे थरथरत होते. एक हलला की तिघं हलत होते. तिन्ही डबे एकाच पाण्यात होते, आणि ते पाणी नदीचं नव्हतं.

मग पंपघराच्या मागं तिला निळा ड्रम दिसला. कडेला तीन खाचा होत्या, डब्याच्या पकडीएवढ्या. त्या वर्षी तिन्ही डब्यांच्या किल्ल्या देखभालीसाठी म्हणून राजेशनं मागून घेतल्या होत्या, आणि कोणी नाही म्हटलं नव्हतं. भोंगा वाजला की कोंड रिकामी, कोंड रिकामी झाली की रविवार वाया.

तिनं ड्रमचा फोटो काढला, पण पोलिसांत गेली नाही. वकील येईल, तारखा पडतील, तो म्हणेल चाचणी घेत होतो. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. त्याच कोंडीत उभं राहून, तलाठ्यासमोर, साईराजचं नाव घेऊन. त्यानंतर त्याचं काय व्हावं, याबद्दल ती रोज काहीतरी नवीन ठरवायची. भाकरी थापता थापताही ठरवायची.

तीन डबे खडकावर चढवून तिनं ते सुरू केले. नदी कोरडी, तिघांचं माप शून्य. चौथ्याची जागा मोकळी होती. नवीन डबा अजून यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर चार मापं होती.

तीन शून्यं. आणि चौथं, वाडीच्या नावानं, बोटभर पाणी.

आधी तिला वाटलं, जुनं काहीतरी अडकून राहिलंय. तिनं सगळं पुसलं, परत सुरू केलं. चौथा परत बोलला. मग तिला वाटलं, कोणीतरी खोडी काढतंय. पण प्रत्येक डब्याची स्वतःची गुप्त सही असते. ती आतल्या चिपमध्ये असते आणि बाहेर काढता येत नाही. काढायला गेलं तर पुसली जाते. सही नसेल तर बाकीचे डबे ऐकतच नाहीत. तिनं सही तपासली. साईराजच्याच डब्याची होती.

नियमाप्रमाणे तिघांनी चौथ्याला खोटा ठरवलं आणि गप्प केलं. दुसऱ्या सकाळी तो परत बोलत होता. पाणी घोट्याएवढं.

ती घळीत गेली. साईराजचा डबा होता त्या जागी खडकाला नुसता खळगा होता. त्यात सुकं शेवाळ होतं. रिसॉर्टचा राखणदार हिरू, वरच्या वाडीचा म्हातारा, तिच्या मागून आला आणि काठीला टेकून उभा राहिला.

"काय बगतीस?"

"काही नाही, हिरूकाका. इथं कोणी येतं का?"

"कोन येतंय. पानी नाय तर मानूस नाय." त्यानं काठीनं रिसॉर्टकडे दाखवलं. "मालकाला बरं नाय. तुला ठावं हाय का?"

"काय झालंय?"

"सारखं लादी पुसाया लावतात. पानी कोनी सांडलं म्हनून इचारतात. आमी बगतो तर लादी कोरडी ठाक."

समिधा त्या दिवशी रिसॉर्टवर गेली ती मुद्दामच. राजेश कचेरीत बसला होता, पाय खुर्चीवर घेऊन, जसं घरात पाणी शिरल्यावर माणसं बसतात तसा. त्याचे बूट टेबलावर होते. त्याची बायको सुप्रिया दारात उभी होती, हातात औषधाची गोळी आणि पेला.

"जमिनीला पाय लावा हो," ती हळूच म्हणाली. "कर्मचारी बघतायत."

"वास येतोय का तुला?" त्यानं समिधाला विचारलं. "गाळाचा. नदीला पहिला पूर येतो ना, तसा."

"नाही," समिधा म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

"पाणी कुठवर आहे, दादा?" तिनं विचारलं.

सुप्रियानं तिच्याकडे चमकून पाहिलं. राजेशनं मात्र प्रश्न साधा धरला. खाली वाकून, नीट बघून उत्तर दिलं. "पोटरीला लागेल."

बाहेर आल्यावर समिधानं मोबाइल पाहिला. चौथ्याचं माप पोटरीएवढंच होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. घरी जाऊन ती पोटभर जेवली, बायजाला म्हणाली, "आई, भात अजून वाढ." बायजा तिच्याकडे बघत राहिली.

डब्यांच्या चाचणीचा दिवस आला. सह्या करायला विलास तलाठी मोटारसायकलवरून आला, रुमालानं मान पुसत. दुपार कलायला लागली होती, पण दगड अजून तापलेले होते. पलीकडच्या काठावर पळस पेटला होता. तलाठी, हिरू आणि समिधा कोंडीच्या तळात उतरले. राजेश काठावर थांबला होता.

"या की," तलाठी म्हणाला. "तुमच्याशिवाय कसं होईल?"

राजेश उतरला. एकेक पाय चाचपत, हात बाजूला पसरून, वाहत्या पाण्यातून येतात तसा तो कोंडीच्या मध्यापर्यंत आला आणि तिथं एका मोठ्या गोट्याला धरून उभा राहिला.

समिधानं ठरवलेलं वाक्य तोंडात आणलं होतं. ड्रमचा फोटो उघडून ठेवला होता. ती म्हणाली, "राजेशदादा, साईराज गेला त्या दिवशी तिन्ही डबे कुठं होते?"

तो घळीकडे बघत होता.

"तलाठी भाऊसाहेबांसमोर सांगा."

"ड्रममध्ये होते," तो घाईघाईनं म्हणाला, जसं कोणी किल्ली कुठं ठेवलीय ते सांगतं. "पंपघरात, ड्रममध्ये. मीच ठेवले. आता इथून वर चला."

तलाठ्यानं रुमाल खाली घेतला. "काय म्हणालात?"

"पाणी चढतंय. वर चला सगळे."

ज्या वाक्यासाठी तिनं दोन वर्षं काढली होती, ते असं आलं आणि गेलं. तिला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. फोडलेल्या नारळात पाणी नसावं तसं झालं.

"कुठं पाणी?" तलाठी म्हणाला. "हिरू, तुला दिसतंय?"

"नाय बा," हिरू म्हणाला. त्यानं काठी चिखलाच्या खपलीवर आपटली. धूळ उडाली. "कोरडं हाय, मालक."

"मलाही कोरडंच दिसतंय," तलाठी म्हणाला. "ऊन लागलंय तुम्हाला."

समिधाची नजर तेव्हा राजेशच्या पायांवर गेली.

त्याची पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. गुडघ्याच्या वर एक सरळ रेघ होती, आणि ती रेघ वर सरकत होती. मांडीशी एक वाळकं पान होतं. ते खाली पडत नव्हतं. ते त्याच्या पायाभोवती हळूहळू गोल फिरत होतं, भोवऱ्यात फिरतं तसं.

तिनं तलाठ्याकडे पाहिलं, हिरूकडे पाहिलं. दोघं राजेशच्या तोंडाकडे बघत होते. पान त्यांना दिसत नव्हतं.

मग तिला गाळाचा वास आला.

"समिधा," राजेश म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "तू सांग. तू शिकलेली आहेस. ही माणसं ऐकत नाहीत. तुला दिसतंय ना?"

रेघ कमरेला लागली.

तिच्या हातात मोबाइल होता. तीन शून्यं. चौथं माप चढत होतं.

एक दिसतं म्हणतो, दोन नाही म्हणतात. निकाल अजून लागलेला नव्हता. तिघांचं एक होईपर्यंत काहीच खरं नसतं, हे तिच्याहून चांगलं त्या कोंडीत कोणाला माहीत होतं? ती हो म्हणाली असती, तर दोन विरुद्ध दोन झालं असतं. पुढं काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच नाही.

त्याच गोट्यावर साईराजच्या सदऱ्याची चिंधी मिळाली होती.

"नाही, दादा," ती म्हणाली. "कोरडं आहे."

राजेश तिच्याकडे बघत राहिला. तिला दिसतंय, हे त्याला कळलं होतं.

मग त्याचा हात गोट्यावरून सुटला.

तो उताणा पडला. पाय झाडले, हात वर केले. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तलाठी धावला, मिरगी आहे म्हणाला, कांदा आणा म्हणाला. हिरूनं पायातली वहाण काढून त्याच्या नाकाला लावली.

समिधा जागची हलली नाही.

थोड्या वेळानं पाय झाडायचे थांबले.

"किती घाम आलाय बघा," तलाठी म्हणाला. "केस नुसते निथळतायत."

रिसॉर्टच्या चौघांनी त्याला खाटेवर घालून वर नेलं. राजेश अंगानं किरकोळ होता, तरी उचलणारे दोनदा टेकले. हिरू पुटपुटला, हा तर भिजल्या पोत्यासारखा जड झालाय. खाटेच्या कडेवरून राजेशचा हात खाली लोंबत होता. त्याची बोटं पांढरी पडली होती आणि टोकांची कातडी चुरमडली होती, दिवसभर धुणं धुतल्यावर होते तशी. कर्जतच्या डॉक्टरनं लिहिलं, हृदय बंद पडलं.

पुढं सगळं समिधाला हवं तसं झालं. तलाठ्यानं राजेशचं बोलणं लिहून दिलं. तिनं ड्रमचे फोटो आणि थरथरणारी मापं जोडली. जुना अहवाल रद्द झाला, नव्यात साईराजचं नाव मानानं आलं. ग्रामपंचायतीनं त्याचा फोटो लावला, हार घातला. बायजा त्या दिवशी नवं लुगडं नेसली आणि परत येताना शेजारणीकडे चहाला थांबली. घळीतल्या मोकळ्या जागी नवीन डबा बसला. आता चारही डबे शून्य सांगत होते.

समिधाची रजा संपत आली होती. त्या दुपारी ती ओटीवर बसून बॅग भरत होती. बायजा सुपात तांदूळ निवडत होती. अंगणात कडक ऊन होतं, माठाखालची जागासुद्धा वाळून गेली होती. फाटक वाजलं आणि सुप्रिया आत आली. तेरावं होऊन गेलं होतं. तिच्या अंगावर साधी करड्या रंगाची साडी होती.

बायजा उठली. दोन घरांत जे होतं ते सगळं विसरून तिनं पाट पुढं केला. "बस गं बाई. पानी देऊ?"

"नको," सुप्रिया म्हणाली. ती समिधासमोर बसली.

"ड्रमचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर मीच सांगितलं असतं. हे तुला खरं वाटलं नाही तरी चालेल."

"खरं वाटतं," समिधा म्हणाली.

"हिरू म्हणाला, जाताना त्यांनी तुला काहीतरी विचारलं."

"हो."

"काय?"

"पाणी दिसतं का, असं."

"आणि तू?"

बायजाचं सूप थांबलं.

"मी नाही म्हणाले," समिधा म्हणाली.

सुप्रियानं मान हलवली. रडली नाही. तिचे डोळे समिधाच्या चेहऱ्यावरून उतरत खाली गेले आणि ओटीच्या लादीवर थांबले.

समिधाच्या तळव्यांना गार लागलं. आधी तिला वाटलं, सावलीतली लादी. मग ते गार बोटांच्या मधून फिरलं आणि घोट्याला लागलं. तिनं खाली पाहिलं. लादी कोरडी होती. बॅग कोरडी होती. तिनं पाय उचलला आणि तो जड वाटला.

"आई," ती म्हणाली, "इथं पाणी सांडलंय का गं?"

बायजानं वाकून पाहिलं, हातानं लादी चाचपली. "नाय गं. कुटं?"

ओटीच्या कोपऱ्यातून गाळाचा वास येत होता. समिधानं सुप्रियाकडे पाहिलं. सुप्रिया अजून तिच्या पायांकडेच बघत होती, एकटक, वाहती गोष्ट बघतात तशी. तिची नजर हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत होती.

"सुप्रियावहिनी," समिधा म्हणाली. "तुम्हाला काही दिसतंय?"

सुप्रियानं वर पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "कोरडं आहे."

ती पाटावरून उठली. बायजाला नमस्कार केला. मग एका हातानं साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर उचलून धरल्या आणि लादीवरून एकेक पाऊल जपून टाकत गेली. अंगणाच्या पायरीवर पोचल्यावरच तिनं त्या खाली सोडल्या.